‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्याने भागत नाही

हार्ट अटॅक आलेल्या माझ्या नवऱ्याला अँजिओप्लास्टीनंतर तिसऱ्या दिवशी घरी सोडताना आमच्या हातात एक जाड फाइल पडली. अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीचं, स्टिकर लावलेलं कार्ड, सकाळ-दुपार-रात्र असे रकाने पाडलेली गोळ्यांची यादी, लोणचं-पापड-फरसाणावर फुल्या मारलेलं आहाराचं पत्रक आणि पुन्हा दाखवायला यायची तारीख. सगळं समजावून झाल्यावर डॉक्टर उठता उठता म्हणाले, “आणि मुख्य म्हणजे, टेन्शन घेऊ नका.” मी मान डोलावली, नवऱ्यानेही डोलावली. गाडी कर्वे रोडच्या सिग्नलला थांबली तेव्हा मी सहज त्याच्याकडे पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून तो नाडी मोजत होता.

पुढचे चार महिने ती बोटं तिथून फारशी हलली नाहीत.

हा लेख मी त्या चार महिन्यांमुळे लिहिते आहे. हार्ट अटॅकनंतर माणसाच्या मनात जी भीती घर करते ती आजाराचाच भाग आहे. तिच्यावर उपचार व्हायला हवा, आणि त्या उपचारात योग आणि ध्यान यांना नक्की, मोजूनमापून जागा आहे. पुण्यात तर हा उपचार रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आलेला आहे. त्याला आत मात्र कोणी बोलावत नाही, आणि बाहेर तोच भलभलत्या दाव्यांनी विकला जातो. दोन्हींचा त्रास रुग्णालाच होतो.

आधी भीतीबद्दल सांगते, कारण ती कुठल्याच रिपोर्टात येत नाही. नवऱ्याने बाथरूमची कडी आतून लावणं सोडलं. आत काही झालं तर दार फोडावं लागू नये म्हणून. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबायचा. दम लागलेला नसायचा, तो लागेल या धास्तीने थांबायचा. भाजीची पिशवी उचलायला घाबरायचा. पेपरमधलं निधनवार्तांचं पान मी आधीच काढून ठेवायला लागले, कारण तो ते उघडून वयं वाचत बसायचा. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात म्हणून रात्रभर उजवी कूस. करोनाच्या दिवसांत घेतलेलं ऑक्सिमीटर पुन्हा उशाशी आलं, आणि रात्री तीन-तीनदा त्या लाल आकड्यांचा उजेड भिंतीवर पडायचा. मीही जागीच असायचे. त्याचा श्वास ऐकत, मध्येच त्याच्या छातीवर हात ठेवून बघत. तो दचकून विचारायचा, “काय झालं?” काही झालेलं नसायचं. आजारी एकच होता, पण झोप दोघांचीही गेली होती.

अशा दोन रात्री आम्ही इमर्जन्सीत धावलो. दोन्ही वेळा ईसीजी ठीक, रक्ताच्या तपासण्याही ठीक. पहिल्या वेळी सांगितलं गेलं, गॅस असेल. दुसऱ्या वेळी, तुम्ही फार विचार करता. आम्ही गेलो ते योग्यच होतं. छातीत दुखलं तर घरी बसून अंदाज बांधू नये, आजही मी हेच सांगेन. पण ‘काही नाही’ असं सांगून घरी पाठवलं की जे काही होतं ते मिटतं, असा समज चुकीचा आहे. धडधड खरी होती, घाम खरा होता, हातापायांना सुटलेला कापही खरा होता. फक्त त्यांचं कारण रक्तवाहिनीत नव्हतं. ते कुठे आहे हे कोणी विचारलं नाही. पती-पत्नी म्हणून आमचं जवळ येणं थांबलं होतं, त्याबद्दल तर नाहीच नाही. डॉक्टर आपणहून हा विषय काढत नाहीत आणि आपण मराठी घरांतली माणसं तो काढायच्या आधीच जीभ चावतो.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य या शहरातल्या प्रत्येक हृदयरुग्णाने ऐकलेलं असतं. ते प्रेमाने म्हटलेलं असतं, यात मला शंका नाही. पण टेन्शन काही ताटात वाढलेला पदार्थ नाही, नको म्हटलं आणि हात आडवा केला की झालं, असं त्याचं नसतं. मिठाबद्दल सांगताना डॉक्टर किती चमचे ते सांगतात. चालण्याबद्दल सांगताना किती मिनिटं ते सांगतात. मनाबद्दल सांगताना मात्र फक्त आज्ञा देतात, ती पाळायची कशी ते सांगत नाहीत. आणि ज्याला ती पाळता येत नाही त्याच्या मनात आणखी एका काळजीची भर पडते: मी टेन्शन घेतोय, आता या टेन्शननेच मला काहीतरी होणार.

ही हळव्या माणसांची तक्रार नव्हे. १९९३ साली कॅनडात माँट्रियलच्या नॅन्सी फ्रॅझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास छापला. रुग्णालयात असतानाच ज्यांना नैराश्याने गाठलं होतं, त्यांच्यातलं पुढच्या सहा महिन्यांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट होतं. हृदय किती खराब झालं आहे हे हिशेबात धरूनही फरक उरलाच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात ५२ देशांतले सुमारे ३०,००० लोक होते, आपल्याकडचेही होते. पहिल्या हार्ट अटॅकची जी नऊ मोठी कारणं त्यात पुढे आली, त्यांत धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब यांच्याच पंगतीत मनावरचा ताण बसला होता. त्याच माहितीतून पुढे हेही दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतर जगापेक्षा साधारण सहा वर्षं आधी, म्हणजे ५३ च्या आसपास येतो. घराचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणं अर्धी असतात, त्या वयात. भीतीला कारण लागतं तर ती कारणं घरात रांगेने उभी असतात.

भीती शरीरात काय करते तेही आता बऱ्यापैकी माहीत आहे. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटायला अधिक तयार होतात. शिवाय खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, फिरायला जात नाही, सोडलेली सिगरेट पुन्हा धरतो. म्हणजे आत रसायनांतून आणि बाहेर वागण्यातून, दोन्हीकडून हृदयावरच भार येतो. स्टेंटच्या किमतीची काळजी सरकारने केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत ३०,००० रुपयांच्या आत बांधली गेली आणि हजारो घरांना त्याचा आधार झाला. तो स्टेंट छातीत घेऊन जो माणूस रात्री जागा राहतो त्याच्यासाठी एक साधी व्यवस्था उभी करायला स्टेंटच्या तुलनेत किती खर्च येईल? एक सतरंजी, काही खुर्च्या, लोड आणि शिकवणारं एक जाणतं माणूस.

आमच्या बाबतीत ते जाणतं माणूस दोन गल्ल्या सोडून राहत होतं. सत्तरी गाठलेल्या, चाळीस वर्षं योग शिकवणाऱ्या बाई. मैत्रिणीने त्यांचं नाव सुचवलं म्हणून आम्ही गेलो. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि शिकवायला साफ नकार दिला. म्हणाल्या, “आधी कार्डिऑलॉजिस्टची चिठ्ठी आणा. पंपिंग किती आहे, किती चालायची परवानगी आहे, गोळ्या कोणत्या, सगळं लिहून आणा. मग बोलू.” त्या नकारामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. योग शिकवणाऱ्याची ही पहिली परीक्षा समजा: जो हृदयरुग्णाचे कागद बघितल्याशिवाय चटई पसरतो त्याच्याकडे जाऊ नका.

चिठ्ठी आली. पंपिंग ४५ टक्के, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला तेवढंच बाहेर ढकललं जात होतं. बाईंनी लोडावर तिरकं निजवलं, मानेखाली घडी, पोटऱ्या खुर्चीवर, अंगावर चादर. “चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. कुठेही रोखायचा नाही. जमेल तेवढंच. न जमल्यास सोडून द्या.” सगळा कार्यक्रम वीस मिनिटांचा. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगते, कारण ध्यानाची भलामण करणारे ती कधी सांगत नाहीत. डोळे मिटून पडल्यावर त्याला स्वतःचे ठोके ऐकू आले. तेच, उशीत ऐकू येणारे. तो घामाघूम होऊन उठून बसला. आत बघा, आत बघा म्हणतात, पण ज्याची भीतीच आत आहे त्याने आत बघितलं तर त्याला तीच भेटणार. बाईंना याचं नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “डोळे उघडे ठेवा. तो बाहेरचा गुलमोहर बघा. तळपाय खाली ठेवा आणि चटई कशी लागते ते मला सांगा. खरखरीत? गार?” पुढचे दोन आठवडे त्याचं ध्यान म्हणजे गुलमोहर आणि चटई एवढंच होतं. डोळे मिटणं त्यानंतर आपसूक आलं. म्हणून मला वाटतं, अटॅकनंतर लगेच, किंवा मन फार अस्वस्थ असताना, दहा दिवसांच्या मौन शिबिराला कोणी ढकलू नये. ती वाट चांगली असेल, पण तिच्यासाठी आधी पायात बळ यावं लागतं.

लांब उच्छ्वासाने नेमकं काय होतं? श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा धर्मच आहे. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस ते काम करते. श्वास संथ केला, उच्छ्वास लांबवला, की त्या नसेचा हात वर राहतो. २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्रही. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावला, आणि रक्तदाब हलला की हृदयाची गती जुळवून घेणारी शरीरातली यंत्रणा अधिक तल्लख झाली. धर्म दोन, भाषा दोन, श्वास एकच. योग वर्गात ओम म्हणायचं की नाही यावरून ज्यांना संकोच वाटतो, मग ते कुठल्याही धर्माचे असोत किंवा कुठलाच न मानणारे, त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे. ज्याला हरिपाठ म्हणायचा त्याने तो म्हणावा, ज्याला नुसते आकडे मोजायचे त्याने ते मोजावेत. शिकवणाऱ्याने यात हट्ट धरू नये.

आणि हे सगळं पुण्यात नवीन नाही, याचं मला राहून राहून वाटतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते मुळी योगाला प्रयोगशाळेत आणण्यासाठी. आसनं करताना रक्तदाबाचं काय होतं हे तिथे शंभर वर्षांपूर्वी मोजायला सुरुवात झाली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि आयुष्यभर इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत दोर, विटा, लोड, खुर्च्या यांच्या आधाराने आजारी, थकलेल्या शरीरालाही आसन कसं देता येतं हे ते शिकवत राहिले. आमच्या बाईंच्या खोलीतला तो लोड आणि ती खुर्ची त्याच परंपरेतून आलेली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापले. त्या संशोधकांत कैवल्यधामचे विनेकरही होते. हृदयरोगतज्ज्ञ आणि योगाभ्यासक एका निबंधावर एकत्र सही करतात, असं आपल्याकडे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी घडलं होतं. आज त्याच प्रांतात एका फाइलमध्ये दोघांची एकेक ओळ येऊ शकत नाही.

आता पुरावा. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

योगाची हृदयरुग्णांवरची सगळ्यांत मोठी चाचणी आपल्याच देशात झाली. डॉ. दोराईराज प्रभाकरन, संजय किन्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णालयांतल्या ३,९५९ रुग्णांवर ‘योगा-केअर’ हा प्रयोग केला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. अटॅकनंतर निम्म्या रुग्णांना तीन महिन्यांत योगाची १३ सत्रं, सौम्य आसनं, श्वसन, ध्यान. उरलेल्यांना नेहमीचे उपचार आणि सल्ला. गोळ्या दोघांनाही चालूच. सरासरी दोनेक वर्षांच्या आत काय दिसलं? मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात दाखल होणं, हे योग करणाऱ्यांत ६.७ टक्के आणि न करणाऱ्यांत ७.४ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. १३ पैकी निदान १० सत्रं करणाऱ्यांत ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. हा आकडा योगाचे प्रचारक मोठ्या अक्षरांत छापतात. मी छापणार नाही. जो माणूस न चुकता वर्गाला येऊ शकतो तो बहुधा आधीपासूनच जरा धडधाकट असतो, गोळ्याही न चुकवता घेत असतो. त्याच्या बरं असण्याचं सगळं श्रेय योगाला देणं खोटेपणा होईल.

मग उरलं काय? उरलं ते असं: योग करणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीला थोडे जास्त गुण दिले, आणि अटॅकच्या आधी जी कामं ते करत होते त्यांच्याकडे ते अधिक प्रमाणात परतले. तब्येतीच्या गुणांत शंभरांत दीड गुणाचा फरक. हा आकडा दाखवून एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, “दीड गुणात काय येतं?” मी त्यांना सरासरीतल्या सगळ्यांबद्दल सांगू शकत नाही. आमच्या घरापुरतं सांगू शकते. बाईंकडे जायला लागल्यावर अकराव्या आठवड्यात एका सकाळी मला बाथरूमच्या कडीचा आवाज आला. आतून. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून उभी राहिले. त्याची पंपिंग योगामुळे वाढली असं मी कधीही म्हणणार नाही. गोळ्या चालू होत्या, चालणं चालू होतं, दिवसही पुढे सरकत होते. यातलं काय कशाने झालं ते मी वेगळं काढू शकत नाही. पण प्रश्नावलीत ‘पूर्वीची कामं पुन्हा सुरू झाली का’ असं जे विचारतात त्याचा अर्थ काय असतो, हे त्या कडीने मला सांगितलं.

योगाने ब्लॉकेज गेले का, एवढंच विचारलं तर उत्तर निराशेचंच येणार. शस्त्रक्रियेच्या आधी हात धरून बसणाऱ्या नर्सला आपण विचारत नाही की तुमच्या हात धरण्याने किती गाठी विरघळल्या. २००३ मध्ये अमेरिकेत २,४८१ हृदयरुग्णांवर समुपदेशनाचा मोठा प्रयोग झाला. नैराश्य कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणून कोणी म्हटलं नाही की खचलेल्या हृदयरुग्णाशी बोलणं बंद करा. माणसाचं दुःख कमी होणं हाही निकालच असतो. डॉ. धनंजय लक्कीरेड्डी यांनी कॅन्ससमध्ये ठोक्यांची लय बिघडणाऱ्या ४९ रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या योगानंतर लय बिघडण्याचे प्रसंगही कमी झाले आणि चिंता-नैराश्याचे गुणही उतरले. अभ्यास लहान आहे, तुलनेला वेगळा गट नाही. पण दिशा तीच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानाबद्दल जे निवेदन काढलं त्यातही मापात बोललेलं आहे: नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून विचार करायला हरकत नाही, त्यांच्या जागी मात्र नाही.

‘त्यांच्या जागी नाही’ हे शब्द आपल्या बागांमध्ये आणि टेकड्यांवर मोठ्याने वाचून दाखवायची गरज आहे. माझ्या नवऱ्याला पहिल्या महिन्यात सकाळी फिरताना निदान पाच जणांनी सांगितलं, “गोळ्यांच्या नादी लागू नका, कपालभाती करा, सगळे ब्लॉकेज मोकळे होतील.” सांगणारे वाईट नव्हते. त्यांना खरंच त्याचं भलं व्हावं असं वाटत होतं. पण नव्या स्टेंटवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या, तर तो स्टेंट बुजून माणूस जाऊ शकतो. भीती वाटणाऱ्या माणसाला ‘गोळ्या नकोत’ हे ऐकायला फार गोड लागतं, म्हणून ते जास्त घातक. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं, शीर्षासन-सर्वांगासनासारखं डोकं खाली-पाय वर, हे नुकत्याच अटॅक आलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात. तोवर धनुरासन-भुजंगासनासारखं छाती ताणणारं काहीही नको. जोराचा व्यायाम तो खरा योग आणि लोडावर पडून सोडलेला लांब श्वास म्हणजे आराम, अशी समजूत पसरली आहे. हृदयरुग्णाचं काम त्या दुसऱ्या गोष्टीने होतं.

एक सीमा आणखी. ज्याला सकाळी उठावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं जो बोलून दाखवतो, त्याला योगाच्या वर्गाला पाठवून मोकळं होऊ नये. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. हृदयरुग्णांना चालतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत. दातदुखीला जसे आपण लवंगेवर थांबत नाही तसंच हे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळाला पाहिजे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो.

आता माझं मागणं. घरी सोडताना आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारा. जगभर वापरात असलेले, दोन मिनिटांत होणारे: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, खचल्यासारखं किती दिवस वाटलं? घाबरल्यासारखं, अस्वस्थ किती दिवस वाटलं? काळजी थांबवू म्हटलं तरी थांबली नाही असं किती दिवस झालं? रक्तदाब घेणाऱ्या सिस्टरसुद्धा हे विचारू शकतात. ज्याचं उत्तर जड येईल त्याच्या फाइलवर पुढची वाट लिहा: मनोविकारतज्ज्ञ, किंवा समुपदेशन, किंवा आठवड्यातून दोनदा योग-ध्यानाचं सत्र, रुग्णालयातच, ईसीजी आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना. बाहेरच्या हॉलपेक्षा रुग्णालयात घेण्याचं कारण साधं आहे. तिथे हृदयरुग्णाला आधी सुरक्षित वाटतं, मग शांत. शिकवणाऱ्याचं शिक्षण तपासा. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, पण त्याच्या कागदावरही थांबू नका. हृदयरुग्ण म्हणजे काय, कोणत्या गोळीने उठताना चक्कर येते, कोणत्या दुखण्याला सत्र थांबवून डॉक्टरांना बोलवायचं, हे त्यांना रुग्णालयाने शिकवावं. आणि त्या सत्रात रुग्णाच्या जोडीदारालाही एक चटई द्या. माझी झोप परत आली ती त्याच खोलीत, त्याच्या शेजारी पडून श्वास मोजताना.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे. बाहेर बाकांवर बसलेली गर्दी मीही पाहते. म्हणूनच हे काम त्यांनी स्वतः करावं असं मी म्हणत नाही. त्यांनी एक ओळ लिहावी. आपल्याकडे डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेल्या ओळीला जे वजन आहे ते शेजारच्या काकांच्या सल्ल्याला नाही. ती ओळ नसते म्हणून तर काकांचं फावतं.

गेल्या महिन्यात आम्ही दाखवायला गेलो होतो. नंबर उशिराचा होता. बाराला सुरू झालेली ओपीडी अडीचला संपली आणि त्या मजल्यावरचा मोठा हॉल रिकामा झाला. पंखे चालू, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, दुपारचं ऊन फरशीवर. मी मोजल्या, चौतीस खुर्च्या होत्या. आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, गोळी एक कमी केली, आणि सवयीने म्हणाले, “बाकी टेन्शन घेऊ नका.” मी विचारलं, “डॉक्टर, हा बाहेरचा हॉल दुपारी किती वेळ रिकामा असतो?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाचपर्यंत. का?” मी त्यांना सगळं सांगितलं, कडीचंही सांगितलं. नवरा खाली मान घालून ऐकत होता, पण त्याने मला थांबवलं नाही. डॉक्टर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण शिकवणार कोण? कोणालाही आणून नाही बसवता येणार.”

मी त्यांच्या पॅडवर बाईंचा नंबर लिहिला. म्हटलं, “त्या आधी तुमच्याकडून चिठ्ठी मागतील.”